उपटू नका, आरसा वापरा

अळंब्यांचे फोटो कसे काढावेत हा तुमचा लेख आवडला, पण त्यातला, टोपीखालचे पापुद्रे टिपायला अळंबी उपटून आडवी ठेवा, हा सल्ला कृपया काढून टाका. मी सिडनीत राहते. इथल्या लेन कोव्ह बुशलँड पार्कमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस झाला की ओढ्याकाठी हायग्रोसायबे नावाच्या अळंब्या उगवतात. लाल, पिवळ्या, मेण चोळल्यासारख्या चकचकीत! तिथला हा अळंब्यांचा समूह न्यू साउथ वेल्स या इथल्या राज्याच्या कायद्यात संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. उपटायची गरजच नसते हो. छोटा आरसा टोपीखाली सरकवला की पापुद्रे देठाला कसे जोडलेत ते स्वच्छ दिसतं. फ्लॅश मात्र बंद ठेवा, ओल्या टोपीवर पांढरा डाग पडतो. साधा मोबाइलही चालतो, चिखलात पालथं झोपायची तयारी हवी. आणि झोपण्याआधी खालचा पालापाचोळा नीट बघून घ्या, नुकत्या वर येणाऱ्या टोप्या त्यातच दडलेल्या असतात.