हो जी

कुत्र्यांनी ओढायच्या स्लेडच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, शर्यतीत शेवटचा आलो याचं मला वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटलंय ते शेऱ्याचं. क्लबच्या लाकडी खोपटाच्या दारावर निकालाचा कागद खिळ्याला अडकवला होता आणि त्यात माझ्या नावापुढे पेन्सिलीने, शाळामास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘कुत्री बरोबर. ड्रायव्हर चूक. बुटी एक कमी.’ कॉफी प्यायला आत-बाहेर करणारा प्रत्येक माणूस तो कागद वाचत होता, मग माझ्याकडे बघत होता. अलास्कातली माणसं सभ्य आहेत, त्यामुळे कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

पाल्हाळ नको म्हणून थोडक्यात सांगतो. बायको फेअरबँक्सच्या विद्यापीठात गोठलेल्या जमिनीवर संशोधन करते, मी घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला एका बाईंचं चौतीस कुत्र्यांचं केनेल आहे. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे सहज बघायला गेलो. सहज बघायला गेलेल्या माणसाच्या हातात बाईंनी फावडं दिलं, ते आजतागायत परत घेतलेलं नाही. याला इथे ‘हँडलर’ म्हणतात. आमच्या वर्ध्याकडे याला सालगडी म्हणतात, आणि सालगड्याला पगार असतो.

सकाळी सहाला फावडं. मग पाणी. भर थंडीत ही कुत्री नुसतं पाणी पीत नाहीत, त्यात मांसाचा रस्सा घालून कोमट करून द्यावं लागतं, तेही पळायच्या दीड-दोन तास आधी. मग गोठलेल्या सॅल्मनच्या लाद्या कुऱ्हाडीने फोडायच्या. आमच्या घरी अंडंसुद्धा मागच्या अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजायचं. आईला मी सांगितलंय की मी ‘प्राण्यांच्या संस्थेत’ जातो. ती शेजारी सांगते, मुलगा समाजसेवा करतो.

दीड वर्षापूर्वी तिथे सहा पिल्लं झाली. केनेलांमध्ये एका वेतातल्या पिल्लांची नावं एकाच विषयावरून ठेवायची पद्धत आहे. बाईंची आधीची वेतं नद्यांची, चीजची आणि सुताराच्या हत्यारांची होऊन गेली होती, त्यामुळे तिथे ‘रंधा’ नावाचा एक म्हातारा कुत्रा आहे. या खेपेला नावं ठेवायचा मान मला मिळाला. मी म्हटलं, पोहे, उपमा, चिवडा, चकली, शेव आणि जिलबी. बाईंनी पाच मंजूर केली, जिलबी खोडली. कारण स्लेडच्या कुत्र्यांना ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे आणि ‘व्हो’ म्हणजे थांबा. (‘मश’ असं सिनेमात म्हणतात. इथे तसं ओरडलात तर कुत्री मागे वळून बघतात.) एका कुत्रीला ‘जिलबी’ म्हणून हाक मारली की सगळी टीम उजवीकडे झुडपात जाणार. म्हणून जिलबीची बर्फी झाली. मी त्याच दिवशी सावध व्हायला हवं होतं.

ही पिल्लं मी वाढवली आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांनी जे केलं त्यात कृतघ्नपणा किती हे कळावं. सहा-सात महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे स्लेड ओढायचा पट्टा, घालायचा, शेजारी एखादं जुनं शहाणं कुत्रं जोडायचं आणि मैलभर फिरवून आणायचं. रंधाने या कामी फार सोसलं. चिवड्याने त्याचा कान आणि गळ्याची दोरी एकाच दिवशी चावली. बर्फ पडायच्या आधी, सप्टेंबरात, स्लेडऐवजी चार चाकी मोटारबाइक जोडून चिखलातून न्यायचं. आणि मुख्य नियम असा की त्यांना आणखी पळायचं असतानाच थांबायचं. पोरगं दमून थांबलं तर ते थांबायला शिकतं, हौस राहून थांबवलं तर दुसऱ्या दिवशी दोरी तोडतं. हा नियम माझ्या शाळेला माहीत असता तर माझं गणित बरं असतं.

तर रविवारी एक ते दोन वर्षांच्या कुत्र्यांची शर्यत होती. सहा कुत्री, सहा मैल, दर दोन मिनिटांनी एक टीम सुटणार. बाई मोठ्या कुत्र्यांना घेऊन दुसरीकडे गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “तू ने त्यांना. काहीही झालं तरी स्लेडवरचा हात सोडू नकोस.” मी विचारलं, आणि दुसरं काही? म्हणाल्या, “दुसरं काही नाही.”

आता चालक म्हणून माझा पूर्वानुभव सांगतो. आजोबांची खिल्लारी जोडी शंकरपटात पळायची. पट म्हणजे काही सेकंदांचा खेळ, पण आजोबा त्यावर वर्षभर बोलायचे. बैलांच्या शर्यती 2014 साली कोर्टाने बंद केल्या आणि 2021च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या, तोवर आजोबाही राहिले नाहीत आणि जोडीही. माझ्या वाट्याला आला तो तान्हा पोळा. दोरीने ओढायचा लाकडी नंदी, खाली चार चाकं. तो मी सलग पाच वर्षं ओढला आणि त्यातही एकदा नालीत घातला. एवढ्या शिदोरीवर मी उणे बावीस सेल्सिअसमध्ये सहा तरण्या कुत्र्यांच्या मागे उभा होतो.

आधी बुट्या. बुटी म्हणजे कापडी पिशवीसारखा मोजा, वर वेल्क्रोची पट्टी. बर्फाचे खडे बोटांत अडकून पाय फुटू नयेत म्हणून. सहा कुत्री, चोवीस पाय. हातमोजे घालून वेल्क्रो लागत नाही आणि काढले की बोटं आपली वाटत नाहीत. पट्टी घट्ट झाली तर पाय सुजतो, सैल झाली तर बुटी उडते. शेवचा चौथा पाय घालेपर्यंत पोह्याने पहिल्या दोन काढलेल्या असतात. त्यात सहाही जण आकाशाकडे तोंड करून किंचाळत, दोरीवर उड्या मारत असतात, जणू आपण त्यांना कसायाकडे नेतोय. बरं, एकदा सोडलं की एक शब्द नाही. शांतता इतकी की फक्त स्लेडच्या पट्ट्या बर्फावरून सरकल्याचा आवाज. पहिले दोन मैल मी इतका सुखात होतो की मनातल्या मनात बायकोला फोटो पाठवून झाला.

मग फाटा आला.

फाट्यावर वाट डावीकडे जाते. तिथे घडीच्या खुर्चीवर एक आजोबा बसले होते. अंगावर इतके कपडे की माणूस कुठे संपतो आणि खुर्ची कुठे सुरू होते ते कळू नये. मांडीवर पाटी, पाटीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि खुर्चीपाशी एका डब्यात सुकवलेल्या सॅल्मनच्या पट्ट्या. हे वळणावरचे पंच. मी ‘हॉ’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मोठ्याने विचारलं, “इंडियाचा तो तूच ना?”

वडीलधाऱ्या माणसाने हाक मारली की वर्ध्याच्या माणसाच्या तोंडून काय निघतं ते तिकडच्या कोणालाही विचारा. त्याला विचार करावा लागत नाही. मी ओरडलो, “हो जी!”

चकली आणि उपमा पुढे होत्या. गुणी पोरी. ‘व्हो’ ऐकून थबकल्या, ‘जी’ ऐकून उजवीकडे वळल्या आणि थेट आजोबांच्या खुर्चीपाशी जाऊन, डब्याकडे तोंड करून बसल्या. मागचे चौघेही बसले. पंगत बसली म्हणा ना.

आजोबांनी पेन्सिल काढली. म्हणाले, “सुंदर. इतक्या वेगात असताना दोन आज्ञा, दोन्ही पाळल्या. कोणी शिकवलं यांना?”

“मी,” मी म्हटलं. “पण मला डावीकडे जायचंय.”

“मग जी का म्हणालास?”

“मी ‘जी’ नाही म्हणालो. मी ‘हो जी’ म्हणालो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ ‘येस सर’.”

आजोबांनी यावर विचार केला. घाई त्यांना नव्हतीच. “कुत्र्यांना येते ती भाषा?”

“नाही.”

“मग त्यांच्याशी ती का बोललास?”

“त्यांच्याशी नाही. तुमच्याशी.”

“मलाही येत नाही,” आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, बरं, पुढच्या कुत्रीची दोरी धरून जरा वळवून देता का? ते म्हणाले, ती बाहेरची मदत झाली. मी म्हटलं, निदान तो डबा झाका. ते म्हणाले, डबा आधीपासून उघडा होता, आता झाकला तर तो हस्तक्षेप होईल. मी तहसीलच्या खिडकीवर सातबाऱ्यासाठी उभा राहिलेलो आहे. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे साहेबांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. पण इतका शुद्ध नियम मी कुठे पाहिला नाही. तेवढ्यात चकलीने मान लांब करून डब्यातली एक पट्टी उचलली. आजोबांनी घड्याळ बघून त्याची नोंद केली. “मी दिली नाही,” मला म्हणाले, “तिने घेतली.”

मागून आवाज आला, “ट्रेल!” म्हणजे बाजूला व्हा. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, गुलाबी टोपी. आजोबांनी तिला काही विचारलं नाही. तिने ‘हॉ’ म्हटलं, तिची कुत्री डावीकडे वळली, आणि जाताजाता ती मला म्हणाली, “तुमची कुत्री किती गोड बसलीत!”

ती दिसेनाशी झाल्यावर आजोबांनी पाय पसरले. “नाउमेद होऊ नकोस,” म्हणाले. “नाव होणं आणि काम करणं वेगळं. टोगो माहीत आहे?” मला माहीत होता, तो स्लेड ओढणारा कुत्रा. अलास्कात राहून टोगो माहीत नसणं म्हणजे महाराष्ट्रात राहून वारी माहीत नसणं. 1925 साली नोममध्ये घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस मशर्सनी, म्हणजे स्लेड हाकणाऱ्यांनी, आपापल्या टीम आलटून पालटून पळवत नेनानापासून 674 मैल औषध पोचवलं, साडेपाच दिवसांत. बाल्टो नावाचा कुत्रा शेवटच्या टप्प्यावर होता म्हणून त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा त्याचा उभा राहिला. सर्वांत लांब टप्पा, 91 मैलांचा, गोठलेल्या समुद्रावरून, तो बारा वर्षांच्या म्हाताऱ्या टोगोचा. हे सगळं मला माहीत होतं. तरी आजोबांनी ते टप्प्याटप्प्याने, वाऱ्याच्या दिशेसकट सांगितलं. मधे आणखी दोन टीम गेल्या. मी मान डोलवत राहिलो. ‘हो’ मात्र म्हणालो नाही.

शेवटी मी स्लेड अडकवून ठेवायचा हूक बर्फात रोवला, पायाने दाबला, पुढे जाऊन चकलीच्या गळ्यातली दोरी धरली आणि तिला ओढत वळवू लागलो. ती वळली, पण बाकीचे पाचजण वेगवेगळ्या बाजूंनी वळले. दोऱ्यांची जी वेणी झाली ती मी गुडघ्यांवर बसून, दातांनी मोजे काढून सोडवली. शेवटची गाठ सुटली तसा हूकही सुटला. कुत्र्यांना एवढंच हवं होतं. स्लेड माझ्या शेजारून निघाली तेव्हा मी तिच्यावर झेप घेतली, उभ्या दांडीला एका हाताने धरलं आणि पोटावर घसरत निघालो. जाकिटात बर्फ, विजारीत बर्फ. मागून आजोबांचा आवाज आला, “हात सोडला नाहीस! शाबास!”

हे ते म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि माझा सगळा राग हाच आहे की ते त्यांनी कागदावर लिहिलं नाही. चकलीने पट्टी उचलली ती वेळ मिनिटासकट लिहिली. बुटी एक कमी, तेही लिहिलं. माणूस शंभर पावलं पोटावर घसरत गेला आणि हात सोडला नाही, त्याला रकाना नाही.

आणि हे नेहमीचंच आहे. क्लबचे फोटो आले त्यात पोहे आहे, शेव आहे, चकलीचा तर जीभ बाहेर काढलेला मोठा फोटो आहे. मी आहे, पण कोपरापर्यंत. लोक केनेलवर येतात, कुत्र्यांना कुरवाळतात, मला विचारतात, “हे दिवसाला किती खातात?” मी किती खातो, खातो की नाही, कोणी विचारत नाही. गाडीला मासळीचा असा वास लागलाय की बायको विद्यापीठात बसने जाते. निकालाचा कागद तिला दाखवला तर ती इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. म्हणाली, “यात चूक काय लिहिलंय?”

बुटी मात्र मी टाकलेली नव्हती. ते माझ्या मनातून जाईना. बुट्या वाटेत टाकणं इथे वाईट समजतात. सोमवारी मी स्नोमशीन, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, मागून घेतली आणि सहाच्या सहा मैल, फाट्यावरच्या खुर्चीच्या खुणांसकट शोधून आलो. लाल रंगाची बुटी, पांढऱ्या बर्फात दिसली नसती असं नाही.

मंगळवारी सकाळी नेहमीसारखं फावडं घेऊन निघालो आणि बर्फीच्या घराशेजारी ती मिळाली. पूर्ण. वेल्क्रोसकट. रंगही उतरला नव्हता. बर्फीने ती शर्यतीच्या आधीच गिळली होती की नंतर, ते तिचं तिला माहीत.

मी ती धुतली नाही. झिपच्या पिशवीत घालून पडवीत टांगून ठेवलीय, तिथे उणे वीसला ती टिकते. पुढच्या रविवारी आजोबा फाट्यावर असतील. पेन्सिल त्यांच्याकडे असतेच.