पाच किलो धान्याचा हिशेब

गावी फोन केला की काकांची एक तक्रार हमखास असते: फुकटच्या रेशनमुळे शेतावर मजूर मिळेनासे झाले. काकांची अडचण खरी आहे. पण त्यांनी तिचे जे कारण लावले आहे, ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियात बारा वर्षे काढल्यावर मला पटत नाही.

माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम गहू-तांदूळ. डाळ, तेल, मीठ-मिरची, गॅस, मुलांची वह्या-पुस्तके, दवाखाना हे सगळे विकतच घ्यावे लागते. एवढ्या धान्यावर कोणी काम सोडून घरी बसत नाही. फार तर पडेल त्या मजुरीला नाही म्हणण्याइतके बळ त्याच्या अंगी येते, आणि ते यावे असेच मला वाटते.

इथे दर शनिवारी मी एका फूड बँकेत, म्हणजे दानात आलेले अन्न गरजूंना वाटणाऱ्या संस्थेत, पिशव्या भरायला जातो. एका बाईंनी राजम्याचा डबा संकोचाने परत केला. तो उघडायला त्यांच्याकडे काही नव्हते, कारण दोन मुलांसह त्या मोटारीत राहत होत्या. त्या नोकरीही करत होत्या. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते, पण दानात काय येईल आणि किती येईल याची हमी कोणालाच देता येत नाही. 2021 मध्ये अमेरिकी सरकारने मुलांमागे दरमहा पैसे दिले आणि अन्नसाहाय्य वाढवले, तेव्हा देशात अन्नाची शाश्वती नसलेली कुटुंबे 10.2 टक्के होती. ही मदत आटत गेली, महागाई वाढली आणि 2023 मध्ये हेच प्रमाण 13.5 टक्क्यांवर गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी कामकाज ठप्प होऊन सुमारे 4.2 कोटी लोकांची मदत अडकली, तेव्हा आमच्या फळ्या दुपारच्या आत रिकाम्या झाल्या.

आपल्याकडे 2013 पासून धान्य हा कायदेशीर हक्क आहे, आणि ही गोष्ट मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. मात्र लाभार्थ्यांची मर्यादा अजूनही 2011 च्या जनगणनेवर, सुमारे 81.35 कोटींवर, अडकलेली आहे. त्यानंतर जन्मलेल्या कितीतरी मुलांची नावे कोणाचे तरी नाव कमी होण्याची वाट पाहत आहेत. इथल्या सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर दूध, अंडी, भाजी आपल्या पसंतीने घेता येते. आपल्या कायद्यातल्या धान्यात डाळ नाही. खुरपून झिजलेला अंगठा मशीनवर उमटला नाही म्हणून शेतमजूर बाईला रिकाम्या पिशवीने परत पाठवणे तर तात्काळ थांबायला हवे.

काका स्वतः 1972 च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. तिथे मिळालेल्या सुकडीची चव ते आजही सांगतात, आणि तिला त्यांनी कधी भीक म्हटलेले मी ऐकलेले नाही. ती सुकडी भीक होती का, पुढच्या फोनवर मी त्यांना तेवढेच विचारणार आहे.