शर्मनने सव्हाना जाळले नव्हते

अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडील राज्यांच्या बाजूने लढणाऱ्या जनरल शर्मनने जॉर्जिया राज्यातील अटलांटापासून सव्हानापर्यंतचे प्रत्येक शहर बेचिराख केले, हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये अटलांटाचा मोठा भाग पेटवून सुमारे ६०,००० सैनिकांनिशी निघालेल्या त्याच्या फौजेने वाटेत धान्य लुटले, लोहमार्गाचे रूळ तापवून झाडांच्या बुंध्यांभोवती पिळले, हे खरेच. सव्हानाचे मात्र तसे झाले नाही. शहराचे रक्षण करणारे दक्षिणेच्या बाजूचे जनरल हार्डीचे सैन्य २० डिसेंबरच्या रात्री तरंगत्या पुलावरून नदीपार निसटले, दुसऱ्या दिवशी महापौरांनी शहर स्वाधीन केले आणि शर्मनने तार करून ते राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना नाताळची भेट म्हणून देऊ केले. राखेचा ढिगारा कोणी भेट देत नाही.