निवृत्तांची सहल: एक दिवस, एकच ठिकाण

ज्येष्ठांची सहल ठरली की आयोजक आधी देवळांची यादी काढतात. पहाटे साडेपाचला निघायचं, अष्टविनायकातले चार गणपती उरकायचे आणि रात्री दहाला घरी. हे मला अजिबात पटत नाही. सत्तरीतली माणसं बाहेर पडतात ती एकमेकांसाठी. दिवसात सलग अडीच-तीन तास निवांत बसून बोलायला मिळालं पाहिजे, बाकी सगळं त्या तीन तासांच्या सोयीनं बेतायचं.

पुणेकरांसाठी वाई-मेणवली घ्या. साधारण नव्वद किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. वाईत कृष्णेच्या घाटावर सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागे नदीवरचा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत मिळालेली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. पण पाण्यापर्यंतच्या दगडी पायऱ्या उंच आहेत, खालच्या शेवाळानं निसरड्या होतात. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी वरूनच बघावं आणि बाकीच्यांनी त्यांना 'चला हो, काही होत नाही' म्हणू नये. महाबळेश्वर जवळच आहे म्हणून कोणीतरी गाडी पुढे न्यायला सांगतंच. ठाम नाही म्हणा. पसरणी घाट चढलात की गप्पांचे तीन तास गेलेच.

मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. मंगळवार किंवा बुधवार निवडा, पण आधी कालनिर्णय बघा. संकष्टीला आणि त्यातही अंगारकीला गणपतीच्या देवळात रांगेत उभं राहावं लागतं. निघायची वेळ साडेसात. त्याआधी निघालं की पोट साफ होत नाही, गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या जातात आणि मग दिवसभर कोणी ना कोणी अस्वस्थ. माणसं घ्यायचे थांबे जास्तीत जास्त तीन. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं जातातच. डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि मोतीबिंदू असलेल्यांना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून परत निघायचं साडेतीनला.

चौदा जणांसाठी सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर करा. मागच्या रांगेत धक्के सगळ्यात जास्त बसतात, तिथे पिशव्या आणि सहा घडीच्या खुर्च्या ठेवा. नुसती सतरंजी नेली तर निम्मी माणसं उभीच राहतात, कारण खाली बसलं की उठता येत नाही. गाडीची पायरी उंच असते. नऊ-दहा इंचांचं भक्कम लाकडी स्टूल बरोबर हवंच. उतरताना तोंड गाडीकडे, एका हातानं दांडी धरून, आधी दुखरा पाय खाली. चढताना आधी चांगला पाय वर. खालून धरणाऱ्यानं दंडाला खेचू नये, आपला हात आधाराला पुढे करावा. गाडीत गाणी बंद. श्रवणयंत्र लावणाऱ्याला गाणी, इंजिन आणि बोलणं एकत्र ऐकू आलं की काहीच कळत नाही आणि तो बिचारा दिवसभर नुसता मान डोलावतो.

चार-पाचच जण असाल तर एसटी बरी. महाराष्ट्राच्या हद्दीत ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्मं. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवं.

सगळ्यात जास्त सहली बिघडतात त्या संडास-बाथरूमच्या धास्तीनं. बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी कित्येक जण त्या दिवशी परस्पर बंद ठेवतात. तसं करू नका, वेळ पुढेमागे करता येईल का हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. आयोजकानं नाश्त्याच्या आणि जेवणाच्या जागी फोन करून तीन गोष्टी विचारायच्या: कमोड आहे का, पायऱ्या किती, धरायला दांडी आहे का. 'सोय आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. घाटासाठी उलटीची गोळी घेणाऱ्या पुरुषांनीही प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी विचारावं, यातल्या काही गोळ्यांनी लघवी अडते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. 'दहा मिनिटांत जेवण येतंय' चा अर्धा तास होतो आणि साखर उतरते. दरदरून घाम, हाताला कंप, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फालाही चिकटवू नये.

डबे घरचे असतील तर वाटणी आधी लिहून द्या, नाहीतर पाच घरांतून चिवडाच येतो. माणशी तीन दशम्या किंवा दोन धपाटी, शंभर ग्रॅम दही, एक केळं. भाकरी दुपारपर्यंत कडक होते. तीळ आणि दाण्याचा कूट कवळीखाली अडकतो, म्हणून चटणी बारीक वाटलेली. प्रत्येकाची लिटरभराची बाटली आणि वर वीस लिटरचा एक जार पुरतो.

जेवणानंतर खुर्च्या गोल मांडा, रांगेत नको. ओळखीचे खेळ, माइक, भाषणं काही नको. नुकतंच जोडीदार गेलेल्या माणसाला फक्त ग्रुपवर निरोप टाकून बोलावू नका. घरी जा, 'तुमची जागा धरली आहे' म्हणा आणि गाडीत त्यांच्याशेजारी कोण बसणार ते आधीच ठरवा. असा माणूस पहिल्या सहलीत गप्पच राहतो. राहू द्या.

पैसे आधी घ्या, अंदाजापेक्षा दहा टक्के जास्त. ऐनवेळी गळणाऱ्याला जेवणाचे परत मिळतील, गाडीचे नाहीत, हे पहिल्याच निरोपात लिहा, म्हणजे नंतर मनं दुखावत नाहीत. परतल्यावर एकटं राहणाऱ्यांना दारापर्यंत सोडा आणि आतला दिवा लागल्यावरच गाडी हलवा.