म्हणे युद्ध निसर्गाला मानवतं!

भाचीने पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला, तर तिच्या काकांनी तिला हा फॉरवर्ड पाठवला: ‘युद्ध झालं की माणसं पळतात आणि जंगल वाढतं. मोझांबिकमध्ये हत्तींनी शिकाऱ्यांना चकवायला सुळेच टाकून दिले. निसर्ग आपलं बघून घेतो. युद्धग्रस्त देशांतले पर्यावरण प्रकल्प म्हणजे एनजीओंची चराऊ कुरणं.’ पोरगी विचारते, मामा, खरंय का हे?

हत्तींपासूनच सुरू करतो, सगळ्यात मोठी थाप तीच. १९७७ ते १९९२ च्या यादवीत मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी हत्ती मारले. मांस पोटासाठी, हस्तिदंत विकून बंदुका घेण्यासाठी. अडीच हजारांवर हत्ती होते, अडीचशेच्या आसपास उरले. ज्या माद्यांना जन्मतःच सुळे नव्हते त्यांच्यामागे कोणी लागलं नाही, म्हणून त्या वाचल्या आणि त्यांच्या लेकींत तो गुण उतरला. दरोड्यात दागिने घातलेल्या बायका मारल्या जाव्यात आणि उरलेल्यांकडे बघून ‘गावाने दागिने सोडले’ म्हणावं, तसं हे. बिनसुळ्यांच्या माद्यांचं प्रमाण साडेअठरा टक्क्यांवरून एक्कावन्नवर गेलं, हे २०२१ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आलंय. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळला: हा गुण ज्या नर गर्भात उतरतो तो बहुधा जन्मालाच येत नाही. छान बघून घेतलं की निसर्गाने!

माणसं गेली की जंगल वाचतं, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. कोलंबियात फार्क बंडखोरांच्या धाकाने बरंच जंगल टिकलं. २०१६ च्या शांतता करारानंतर तोड भडकली, २०१७ मध्ये सुमारे २ लाख २० हजार हेक्टर. म्हणजे बंदुका गेल्यावर जंगलाला राखणदार लागतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आणि आफ्रिकेचं म्हणाल तर डॅस्किन आणि प्रिंगल या शास्त्रज्ञांचा ‘नेचर’ या संशोधनपत्रिकेतला २०१८ चा अभ्यास बघा. संरक्षित जंगलांतल्या मोठ्या तृणभक्षी प्राण्यांच्या २५३ समूहांच्या १९४६ ते २०१० मधल्या नोंदी त्यांनी तपासल्या. दुष्काळ, खाणी, शहरं, सगळं लावून पाहिलं. संख्या घटण्याशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो युद्ध किती वेळा झालं याचा. पण प्राणी पार संपले असं क्वचितच झालं होतं. प्रकल्प लागतात ते या उरलेल्यांसाठी.

राहिली चराऊ कुरणं. पैसा खाणारे तिथेही असतील. पण गोरोंगोसा डोंगरावर अशाच एका प्रकल्पात शेतकरी देशी झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात, उजाड उतार पुन्हा झाडीखाली येतोय. मोझांबिकचं सरकार आणि रेनामो बंडखोर यांनी १ ऑगस्ट २०१९ ला लढाई थांबवण्याचा करार केला, तोही याच गोरोंगोसा उद्यानात. काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात जानेवारी २०२१ मध्ये एका हल्ल्यात सहा वनरक्षक मारले गेले. ते कुठल्या कुरणात चरत होते, हे काकांनी सांगावं.