आई-बाबांना चायनीज बफेला न्यावं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, वाणसामानाच्या दुकानाबाहेरचा बाक हाच आमचा कट्टा. या शुक्रवारी वाद रंगला तो सहा जणांच्या जेवणावरून: नवरा-बायको, दोन लहान मुलं आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले शाकाहारी आई-बाबा. चायनीज बफेला जावं का?

हिशेबात पक्का असलेल्याने सुरुवात केली. "समजा मोठ्यांना २० डॉलर, मुलांना १०. झाले १००. चार मोठ्यांची पेयं अडीच-अडीच डॉलरची, म्हणजे ११०. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, सव्वासातच्या वर. टीप १० टक्के धरा, ११. एकूण १२८. नुसतं पाणी घेतलंत तर जवळपास १२ डॉलर तिथेच वाचतात. सहा जणांना पोटभर जेवण, आणि मुलांनी चार घास टाकून दिले तरी वेगळी डिश मागवायला नको. आणखी काय हवं?"

"आई-बाबांचे ४० डॉलर गेले ना पाण्यात!" ज्यांच्या घरचा हा प्रश्न, त्या वहिनी म्हणाल्या. "लो मेन नूडल्समध्ये दिसतात भाज्याच, पण सॉस बहुधा ऑयस्टरचा, म्हणजे कालवांचा. फरसबी लसणात परतलेली दिसते, तिलाही तोच सॉस लावलेला असू शकतो. हॉट अँड सावर सूप साधारणपणे चिकनच्या पाण्यात. फ्राइड राइसमध्ये अंडं. स्प्रिंग रोल भाज्यांचा असला तरी चिकन तळलेल्याच तेलातून निघतो. आणि ती लाल थरथरती जेली? जिलेटीनची, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेली!"

"क्रॅब रंगूनचं, त्या तळलेल्या पुरचुंडीचं, तर दोन्हीकडून फसतं," हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारा म्हणाला. "आत क्रीम चीज असतं आणि खेकडा बहुतेक नकली, म्हणजे पोलॉक माशाच्या लगद्याची सुरिमी. खेकडा खाणाऱ्याला खेकडा मिळत नाही आणि शाकाहाऱ्याला खाता येत नाही."

मग ताजेपणावर गाडी आली, आणि तिथे या किचनवाल्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या फूड कोडप्रमाणे गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ५७ सेल्सियसच्या खाली जाता कामा नये; थंड पदार्थ ४१ फॅरनहाइटच्या वर नको. पण थर्मामीटर घेऊन कोण जेवायला जातं? त्याने डोळ्यांनी ओळखायच्या खुणा सांगितल्या. ट्रेच्या कडेला सॉस सुकून गडद, चिवट पट्टी झाली असेल, मधे मात्र चकचकीत ओलं, तर जुन्यावर नवं ओतलंय. रिकामा ट्रे उचलून भरलेला ठेवला तरच तो ताजा. आणि अडीच इंची उथळ ट्रे दिसला तर बरं वाटून घ्या. चार इंची खोल ट्रे संपायला वेळ लागतो, तोवर तळचं शिजत राहतं. चिमट्याची मूठ पदार्थात बुडालेली दिसली तर तो ट्रे सोडून पुढे जायचं.

"जनरल त्सो चिकन, ते तळून गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेलं, तिथे मऊच का लागतं?" कोणीतरी विचारलं.

"कॉर्नस्टार्चचं कवच सॉस पितं, वरून झाकणाखालची वाफ. पंधरा-वीस मिनिटांत कुरकुरीतपणा संपला. ट्रे आला की लगेच घ्या, नाहीतर घेऊच नका." जाता जाता तो हेही म्हणाला की तैवानमध्ये पेंग चांग-क्वेई यांनी रचलेली मूळ डिश गोड नव्हती, गोडवा अमेरिकेत चढला. साखरेचा आजार असलेल्या बाबांनी म्हणूनच त्या चिकट सॉसच्या भाज्यांपासूनही लांब राहावं.

वहिनींचा मुद्दा मात्र जागच्या जागी होता. त्यावर किचनवाला म्हणाला, "ग्रिल असलेला बफे शोधा. कच्च्या भाज्या, टोफू, नूडल्स आपल्या वाडग्यात भरायच्या, समोरचा माणूस तव्यावर परततो. त्याला आधीच सांगायचं: मांस नको, अंडं नको, तवा पाणी टाकून खरवडून घ्या. ब्राऊन सॉस टाळायचा, त्यातही ऑयस्टर असू शकतो. सोया, लसूण आणि मिरचीचं तेल सांगायचं. सोयात मीठ भरपूर, बीपी असेल तर चमचाभरच. कलथ्याने काळी खरपुडी बाजूला ओढलेली आणि लोखंड चमकलेलं दिसलं, की मगच वाडगा पुढे करा."

"आणि गर्दीच्या वेळी तो खरवडेल?" वहिनींनी विचारलं.

"शनिवारी सात वाजता नाही. साडेपाचला जा."

"आणि दुपारी? लंचचा दर तर कमीच," हिशेबवाला म्हणाला.

"लंचला ग्रिल चालू असतो का, ते आधी फोन करून विचारा. आणि आत गेल्यावर ताट उचलायच्या आधी हात रिकामे ठेवून सगळ्या काउंटरभोवती एक फेरी मारा. भात-नूडल्स बहुधा सुरुवातीलाच मांडलेले, मुलांचं ताट तिथेच भरतं. दुसऱ्या खेपेला नवं ताट घ्यायचं, नियमच आहे तसा. उष्टं ताट घेऊन काउंटरवर जायचं नाही."

वहिनी थोडं थांबून म्हणाल्या, "ग्रिल असेल तर नेते. नसेल तर आई-बाबांना थाळी, आणि मुलांना बफे दुसऱ्या दिवशी."