एका दाण्यानं काय होतं?

उन्हाळा आला, लग्नसराई लागली की खान्देशात दरवर्षी तोच वाद पेटतो. इंग्लंड-अमेरिकेतलं एखादं कुटुंब लग्नाला येतं. पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, म्हणून त्याची आई आचाऱ्याजवळ जाऊन विचारते, भाजीत दाण्याचं कूट आहे का, तेल कुठलं वापरलंय. झालं, मांडवात कुजबुज सुरू. "हे सगळं तिकडचं खूळ. आपल्याकडे जन्मापासून शेंगदाणे खातात, कुणाला काही झालंय का?" मग कुणी जिभाऊ अगदी मायेनं पोराच्या हातावर लाडू ठेवतात आणि म्हणतात, "एक दाणा खाईसन काय व्हस?" (एक दाणा खाऊन काय होतं?) यंदा गावाकडून आलेल्या प्रत्येक फोनवर हेच ऐकलं, म्हणून हे लिहितो आहे.

काय होतं ते आधी सांगतो. एक शेंगदाणा अर्धा ते एक ग्रॅम भरतो आणि त्याचा साधारण चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. म्हणजे एका दाण्यात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम प्रथिनं आली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटानं शेंगदाण्याच्या प्रथिनांसाठी जी सीमा सुचवली आहे, ती आहे २ मिलिग्रॅम. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या शंभरांतल्या पाचेक जणांना एवढ्यानंही लक्षणं दिसू शकतात. दाण्याचा शंभरावा भाग म्हणजे कूट ढवळलेला चमचा तसाच वरणात घातला तर जेवढं चिकटून जाईल, तेवढं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी इथपासून सुरुवात होते. घसा आवळला, धाप लागली, रक्तदाब कोसळला की हातात मिनिटं उरतात.

गावच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात गिडियन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांची ही बाळं तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातली होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नेमानं खाऊ घातले, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत अजिबात दिले नाहीत. खाणाऱ्यांत ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. त्याआधी याच गटाला दिसलं होतं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे, आणि इस्रायलची मुलं रांगत्या वयातच शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीतही अन्नाची ॲलर्जी फार कमी आढळली. तेव्हा भाकरीच्या काल्यात चिमूटभर कूट कालवून बाळाला भरवणारी आपली आजी चुकत नव्हती. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच देऊ नये, तो घशात अडकतो.

पण हा झाला ॲलर्जी होऊ नये म्हणूनचा उपाय. जिला ती झालेलीच आहे, त्या मुलीला "थोडं थोडं दे, सवय होईल" हे सांगणं वेगळं आणि धोक्याचं. अभ्यासातसुद्धा आधी त्वचेवर चाचणी केली आणि ज्यांची प्रतिक्रिया मोठी होती त्या बाळांना बाहेर ठेवलं. ॲलर्जी असलेल्यांना हळूहळू सवय लावण्याची उपचारपद्धती आहे, पण तिची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ती वाढवायची ती दवाखान्यात, डॉक्टर शेजारी उभे असताना. मांडवातला लाडू म्हणजे तो उपचार नव्हे.

आता पाकिटांकडे येतो. इथं इंग्लंडात, लेस्टरला टेस्को या सुपरमार्केटात गेलं की पाकीट उलटं करायचं आणि घटकांच्या यादीत ठळक अक्षरं शोधायची. कायद्यानं १४ पदार्थ ठळक छापावे लागतात. त्यांत शेंगदाणा वेगळा आणि बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता वगैरे वेगळे. तीळ आणि मोहरीही त्यात आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून, बांधून ठेवलेल्या सँडविचवरही पूर्ण यादी हवी. त्यामागे नताशा एडनन-लापरूस ही पंधरा वर्षांची मुलगी आहे. २०१६ मध्ये ती बॅगेटमधल्या (लांबट फ्रेंच पावातल्या) तिळानं गेली; तीळ आत होते, वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. "अंश असू शकतो" ही ओळ मात्र इथंही ऐच्छिकच आहे. ती नाही म्हणून पाकीट सुरक्षित, असं कुणी धरू नये.

गावाकडच्या लोकांना वाटतं की हा इथल्या सरकारचा लाड आहे आणि आपल्याकडे असलं काही नसतं. साफ चूक. भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट (माल टिकवायचं रसायन) यांची घोषणा बंधनकारक आहे. खाद्यतेल म्हणून भागत नाही, कुठलं तेल तेही लिहावं लागतं. कायदा आहे, मागणारं कुणी नाही. आणि मागणाऱ्याला आपण नखरेल ठरवतो.

भारतीय पाकिटात एक अडचण आहे ती लक्षात ठेवा. आपल्या नियमात शेंगदाणे आणि सुकामेवा एकाच गटात बसवलेत, म्हणून "नट्सचे अंश असू शकतात" एवढंच छापलेलं सापडतं. शेंगदाणा शेंगवर्गातला, म्हणजे हरभरा-तुरीचा भाऊबंद, बदाम-काजू झाडावरचे. फक्त काजूची ॲलर्जी असलेल्याला त्या ओळीतून काही कळत नाही. (काजू ज्याला चालत नाही त्याला बहुधा पिस्ताही चालत नाही, दोघांची प्रथिनं फार सारखी.) अशा वेळी पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून नेमकं विचारायचं: त्याच यंत्रावर शेंगदाण्याचा माल निघतो का, मधे यंत्र धुतात की नुसतं पुसतात?

दुसरी गोष्ट, नावं. नंदुरबार, नवापूर, शहादा भागात सुरतेकडचा माल भरपूर येतो. त्यावर "सिंग", "सिंगदाणा", "सिंगतेल" असतं. हिंदी पाकिटावर मूंगफली, इंग्रजीत पीनट किंवा ग्राउंडनट, साबण-मलमांवर अराकिस ऑइल. सगळा शेंगदाणाच. नेहमीचं बिस्किट असलं तरी यादी दर वेळी वाचायची, कारण कृती बदलते. पाच रुपयांचा पुडा आणि मोठा पुडा वेगवेगळ्या कारखान्यांतून येऊ शकतात, तेव्हा एकावरून दुसऱ्याची खात्री धरायची नाही.

खरी भीती मात्र ज्यावर काहीच छापलेलं नसतं त्या मालाची. सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात केळी वेफर्स घ्यायला थांबलात तर कढईकडे बघा. पारदर्शक पिशवी, वर स्टेपल केलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. घटक नाहीत, तेल नाही, चौदा आकडी परवाना क्रमांक नाही. केळ्यात दाणा कुठून येणार, असं वाटतं. पण त्याच कढईत सकाळी चिवड्याचे दाणे तळून काढलेले असतात, तोच झारा, तेच तेल, आणि तळलं म्हणून दाण्याचं प्रथिन मरत नाही. शिवाय तेल शेंगदाण्याचंच असू शकतं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. लाकडी घाण्याचं तेल आरोग्याला चांगलं म्हणून सध्या सगळीकडे खपतंय. ॲलर्जी असलेल्या मुलाला तेच जास्त घातक.

उपवासाच्या दिवशी तर काळजी दुप्पट घ्यायची. उपवासाचं म्हणजे शेंगदाण्याचं, हे आपलं समीकरणच आहे: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याची चिक्की. आषाढी-एकादशीला फरसाणवाल्याची अख्खी फळी दाण्यांनी माखलेली असते, तराजूच्या पारड्यासकट. मिठाईतही सावध राहा. स्वस्त काजूकतलीत शेंगदाण्याची भर घालतात, आणि बर्फीवरचे हिरवे काप पिस्त्याचेच असतील असं नाही, रंगवलेल्या शेंगदाण्याचेही असतात. मसाला कांडपावर किंवा गिरणीत दळायला टाकला तर आधीच्या गिऱ्हाइकानं काय दळलं ते विचारायला लाजू नका.

इंग्लंडची टिमकी वाजवतो म्हणणाऱ्यांना मी स्वतःहूनच एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये इथल्या अन्न मानक संस्थेनं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी असलेले सगळेच पदार्थ टाळायला सांगितलं होतं. मोहरीच्या मसाल्यात शेंगदाणा मिसळला गेला होता, आणि माग काढत गेल्यावर ती मोहरी भारतातून आलेली निघाली. सॉस, डिप, तयार सँडविच, पिझ्झा, कितीतरी माल परत मागवावा लागला. ठळक अक्षरं छापूनही इथं पाकीट खोटं ठरलं, कारण हजारो मैलांवर कुठल्यातरी गोदामात दोन पोती शेजारी ठेवताना कुणालातरी वाटलं असेल, थोड्यानं काय होतं. म्हणून खान्देशातली बेफिकिरी खान्देशापुरती राहत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

गावी जाताना ॲड्रेनालिनची दोन पेनं (तीव्र ॲलर्जीत लगेच मांडीत टोचायची तयार इंजेक्शनं) जवळ हवीत, बॅग वरच्या खोलीत आणि पोरगं मांडवात असं नको. हे औषध २५ अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४४-४५ ला टेकतं. गाडीत ठेवलं तर निकामी होऊ शकतं, फ्रीजमध्येही ठेवायचं नाही. उष्णतारोधक पिशवीत किंवा रिकाम्या थर्मासमध्ये ठेवावं, बर्फाला थेट लागू देऊ नये. भारतात पेन सहजी मिळत नाही. दवाखान्यात एक मिलिलिटरची कुपी असते, आणि मात्रा वजनावर, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशीच जवळच्या रुग्णालयात विचारून ठेवा, औषध आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का. त्रास झाला तर आधी पेन, मग रुग्णवाहिकेला फोन. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण उठवून चालवू नका. पाच मिनिटांत उतार नाही तर दुसरं पेन. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीनं खाज थांबते, श्वास नाही. आणि सॅनिटायझरनं हातावरचं प्रथिन जात नाही; साबण आणि पाणीच लागतं.

हे सगळं लिहिताना आवाज चढतो, त्यात मोठेपणा डोकावतो, हे मला कबूल आहे. इथं कमावलेली शिस्त आम्ही तिथं मिरवतो. पण त्यामागे एक दुखणं आहे. शेवभाजीचा रस्सा, भरीत, ठेचा, भरली वांगी, आमच्या जिभेला खान्देश म्हणून जे जे आठवतं त्या प्रत्येकात दाणा आहे. इथल्या थंडीत दाणे भाजल्याचा वास आला की गाव आठवतं, आणि आमच्यातल्या कित्येकांच्या घरात आता दाणे आणायची सोय नाही. पोरांना गावची चव द्यायची तर नेमकी तीच देता येत नाही. वर गावानं म्हणावं की ही पोरं तिकडची झाली, तेव्हा ते फार लागतं. मूल तिकडचं झालं म्हणून त्याला दाणा चालत नाही असं नाही. रावेरात जन्मलेल्या मुलालाही ही ॲलर्जी होऊ शकते, फक्त तिथं तिला नाव मिळत नाही, "याला खाणं बाधतं" म्हणून सोडून देतात.

आणि खान्देशाकडेच यावरचं जेवण आहे. वरण-बट्टी. गहू आणि मक्याचं जाडसर पीठ, ओवा, मीठ, हळद. गोळे उकडून, कापून तळायचे. वर तुरीचं वरण आणि तूप. यात दाणा कुठेच नाही, फक्त सोबतच्या वांग्याच्या भाजीत आहे. तेव्हा आचाऱ्याला आदल्या रात्री एवढंच सांगायचं: भाऊ, कढई घासून घ्या, नवीन पिशवीतलं सोयाबीनचं नाहीतर सूर्यफुलाचं तेल ओता, बट्टीचा पहिला घाणा आमच्या पोराचा काढा. तो झाकणाच्या डब्यात बाजूला ठेवा, वरणही फोडणीआधीच वेगळं काढा आणि भाजीचा डाव त्या पातेल्यात जाऊ देऊ नका. पंगतीत त्याला कोपऱ्यात बसवू नका. सगळ्यांच्या ओळीत बसवा, वाढप्याला त्याचं पान दाखवून ठेवा, आणि त्याच्या पानात वाढायचं ते त्या डब्यातूनच.